गावभागातला वाडा, बिल्डरचा थ्रीडी फोटो आणि स्वयंपाकघरातल्या तीन रेघा

गावभागकर
वाडा बिल्डरला द्यायचं ठरायच्या बेतात आलंय. घरात विचारून झालं, आता घराबाहेर, या धाग्यावर विचारतो.

वाडा सांगलीच्या गावभागात, कृष्णा नदीपासून चालत पाच-सात मिनिटं. दगडी जोतं, वर विटा-मातीच्या भिंती, मधे चौक. हिस्सेदार सात. दोघं पुण्यात, एक आत्या हुबळीत. भाडेकरू दोन, त्यातला एक आजोबांच्या वेळचा. गेल्या महिन्यात एक बिल्डर घरी आला आणि चहा यायच्या आत लॅपटॉप उघडला. पडद्यावर आठ मजले, पुढून सगळी काच, गेटवर कमान, खाली रस्त्याला लागून चकचकीत दुकानं. धाकटा काका म्हणाला, "मस्तच की वो!"

मी विचारलं, "पाण्याचं काय?"

तो म्हणाला, "चोवीस तास. शिवाय बोअर मारून देतो."

मी नदीच्या पाण्याचं विचारत होतो.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. २००५ ची आईने कोळशाने मारलेली, गुडघ्याच्या थोडी वर. २०२१ ची कमरेला. २०१९ ची कुणी मारली नाही, ती चिखलाने आपली आपण उमटली. छातीच्याही वर, आणि दोनदा चुना देऊनही खालून डोकावते. नदीवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर पाणी मोजतात, ते आकडे बहुतेकांना पाठ असतील: २००५ ला ५३ फुटांच्या पुढे, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला ५५ च्या आसपास. सोळा वर्षांत तीनदा. आमचं जोतं रस्त्यापासून तीन फूट उंच आहे. बिल्डरच्या चित्रातली दुकानं रस्त्याला टेकलेली. म्हणजे २०१९ चं पाणी परत आलं तर शटरच्या डोक्याशी पोचणार.

प्रश्न आमच्या एका वाड्याचा असता तर इथे आलो नसतो. जिल्हाधिकारी कार्यालय जुन्या गावातल्या राजवाड्यातून नव्या वस्तीत, विजयनगरला गेलं, न्यायालयही तिकडेच. जुन्या गावात राहिले कोण? देव, व्यापारी, भाडेकरू आणि आमच्यासारखे सात हिस्सेदारवाले. गावभाग, कापडपेठ, हरभट रोड, मारुती रोड यांचं नक्की काय करायचंय आपल्याला? पाडायचं, उचलायचं, की नदीला देऊन टाकायचं?

शंभरफुटी
गावभागकर, भावना बाजूला ठेवून सांगतो. मिळेल त्या भावाला विका आणि विश्रामबागला या. आमच्याकडे २०१९ ला पाहुणे आले होते, पाणी नाही. शहर सरकतच असतं. पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले तेव्हा त्यांनीही नव्या जागी नवं गाव वसवलंच की. दर पावसाळ्यात आयर्विनच्या आकड्यावर डोळे लावून बसायचं, त्याला काय वारसा म्हणायचा?

माहेरवाशीण
पाहुणे आले होते हे बरं आठवलं. आम्ही चौदा जण होतो तुमच्यासारख्यांच्या टू बीएचकेत. नवव्या दिवशी कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. 🙂

हळदीचं पेव
गणपती पेठेत आमची तिसरी पिढी. विश्रामबागला या म्हणणं सोपं आहे. गिऱ्हाईक हितं येतंय, उधारी हितं, हमाल हितले. दुकान उचलून नेलं तरी पेठ उचलून नेता येत न्हाई.

आणि पाण्याचं म्हणाल तर आमची आपली पद्धत ठरलेली आहे. आयर्विनला ४० फूट म्हंजे इशारा, ४५ म्हंजे धोका. आम्ही ३५ लाच वह्या आणि वजनकाटा माळ्यावर चढवतो. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड या सखल भागातनं सामानाचे टेम्पो निघाले की दोरखंड काढतो. दुकानात लाकडी कपाट एक न्हाई, सगळे लोखंडी रॅक. खालच्या चार फुटात फरशी, रंग न्हाई. पाणी उतरलं की पाईप मारायचा, चार दिवसांत दुकान चालू. आमच्या वडलांनी कुठल्या आर्किटेक्टला विचारलं नव्हतं.

पण २०१९ ला माळाच बुडला. त्याला काय इलाज?

नकाशावाला
मी स्थापत्य अभियंता. मोजणीची कामं करतो, बिल्डर नाही. नियम काय म्हणतात ते सांगतो, कारण अर्धी चर्चा ऐकीव गोष्टींवर चालते.

निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यानुसार नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात नवीन बांधकाम बंद. पार्किंग, बाग, उघडी भाजी मंडई, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असलं चालतं. पण पुढे एक पोटवाक्य आहे आणि बिल्डरचा सगळा जीव त्या पोटवाक्यात: आधीपासून अधिकृत असलेल्या मिळकतीचा पुनर्विकास करता येतो. अट अशी की बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर हवं आणि पाटबंधारे खात्याचा ना हरकत दाखला हवा. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम चालतं, पण तिथेही तोच दीड फूट.

तेव्हा गावभागकर, रस्त्याला टेकलेली दुकानं चित्रात आहेत. मंजुरीच्या नकाशात ती कशी बसवणार ते लेखी मागा. बहुतेक तिथे 'पार्किंग' लिहिलेलं असेल आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालं की शटरं लागतील.

आणखी एक. '२५ वर्षांतून एकदा' ऐकून लोक म्हणतात, आत्ताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत. तसं नसतं. दर वर्षी शंभरात चार, अशी ती शक्यता. तीस वर्षं त्या घरात राहणार असाल तर निदान एकदा निळ्या रेषेइतकं पाणी बघण्याची शक्यता शंभरात सत्तर. लाल रेषेचं म्हणाल तर शंभरात सव्वीस. तीस वर्षं म्हणजे गृहकर्जाची मुदत, हे वेगळं सांगायला नको.

गावभागकर
सत्तर? हे बिल्डरच्या ब्रोशरमध्ये टाकायला हवं, स्विमिंग पूलच्या शेजारी.

हळदीचं पेव
स्विमिंग पूल पण आहे व्हय त्यात? मग वेगळा कशाला, ऑगस्टात भरतोयच की.

पैलतीर
सांगलीवाडीवरून, म्हणजे नदीच्या समोरच्या काठावरून लिहितोय. तुमची चर्चा वाचून एक विचारावंसं वाटतं: तो दीड फूट वर चढणार कशावर? खांबांवर की भरावावर? खांबांवर असेल तर पाणी खालून जाईल आणि आमचं काही म्हणणं नाही. भराव टाकून जोतं उचललं, तर जेवढी माती तुम्ही टाकली तेवढी पाण्याची जागा गेली. एका प्लॉटने काही होत नाही, शंभर प्लॉटनी होतं. गेल्या वीस वर्षांत दोन्ही काठांचे ओत, म्हणजे पुराचं पाणी पसरायच्या सखल जागा, किती बुजले ते डोळ्यासमोर आहे. जुनी माणसं ओतात घर बांधत नव्हती, हरभरा करत होती. आता 'नदीदर्शन' असं नाव देऊन फ्लॅट विकतात. आणि नदी खरंच दर्शन द्यायला येते.

नकाशावाला
पैलतीर, शंभर टक्के सहमत. कुठलीही इमारत मंजूर करताना पहिला प्रश्न हाच हवा: पाण्याची जागा किती खाल्ली? उंची, रंग, कमान सगळं त्याच्या नंतर.

कृष्णाकाठ ७७
हे सगळं ठीक, पण मूळ कारण कर्नाटकातलं आलमट्टी धरण. ५१९.६० मीटरपर्यंत आत्ताच पाणी अडवतात, आता ५२४ च्या वर न्यायचं चाललंय. ते थांबवा, मग वाड्यांचं बघू.

शंभरफुटी
पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीचा अहवाल वाचा. २०१९ च्या पुराला आलमट्टी कारणीभूत नाही असंच त्यात म्हटलंय.

कृष्णाकाठ ७७
अहवाल सगळे वाचलेत साहेब. धरणाच्या पाण्याचा फुगवटा कागदावर येत नाही, शेतात येतो.

संपादक
आलमट्टीवर आधीच दोन धागे चालू आहेत, दोन्हीकडे हाणामारी झालेली आहे. कृपया तिकडे जावे. इथले पुढचे सात प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

माहेरवाशीण
मला वेगळंच म्हणायचंय. खांबांवर इमारती उचलल्या की पाण्याचा प्रश्न सुटेल, कबूल. मग रस्त्यावर काय राहील? माझं माहेर गावभागातच. संध्याकाळी सात वाजता आमच्या बोळात प्रत्येक ओट्यावर कुणीतरी असायचं. भाजी निवडणारी, जपमाळ ओढणारी, परीक्षेचा अभ्यास करणारी. दोन वर्षांपूर्वी बोळातल्या दोन वाड्यांच्या इमारती झाल्या. खाली पार्किंग, पुढे जाळीचं गेट. आता तिथून रात्री जायला भीती वाटते. एका बाजूला मोटारींची तोंडं, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत. आईला शेजारीण दिसत नाही, शेजारणीचा मोबाईल नंबर आहे तिच्याकडे.

म्हणजे पाण्यापासून वाचवायला घर वर न्यायचं आणि मग गल्ली मरू द्यायची, असा हा सौदा आहे का?

गावभागकर
ताई, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आईला चित्र दाखवलं तेव्हा तिने पहिलं हेच विचारलं, "बसायचं कुठं?"

नकाशावाला
सौदा असायलाच हवा असं नाही. खालचा मजला पाणी सोसेल असा करता येतो. पेवसाहेबांनी वर सांगितलं तेच: लोखंड, फरशी, दगड, सिमेंट. लाकूड, प्लायवूड, जिप्सम काही नको. मीटरबोर्ड, पाण्याचा पंप, लिफ्टचं मशीन, जनरेटर सगळं पहिल्या मजल्यावर. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरणारच, तेव्हा पूर चढायला लागला की लिफ्ट वर नेऊन बंद करायची आणि ते कोण करणार त्याचं नाव लिहून ठेवायचं. रस्त्याकडेच्या दहा फुटांत पार्किंगऐवजी ओटे आणि उघडी पडवी ठेवायची. उघड्या पडवीतून पाणी येतं तसं जातं. मोटारी मागे. बिल्डरला हे नको असतं कारण ओटा विकता येत नाही.

मातीच्या भिंतींबद्दलही सांगतो, कारण काही जण 'वाडा आहे तसा ठेवा' म्हणतील. भिजलेली मातीची भिंत पाण्यात असताना उभी राहते. पाणी दोन्ही बाजूंनी सारखं रेटत असतं. ते उतरलं की भिंत आतून मऊ आणि वरून वजन. २०१९ ला पाणी ओसरल्यानंतर पडझड झाली ती यामुळे. तेव्हा जोत्याच्या वर किमान २०१९ च्या रेघेपर्यंत चुन्यातली दगडी भिंत करून मगच बाकीचा वाडा राखायचा विचार करा. खर्च आहे, पण होण्यासारखं आहे.

भिंत बांधा
एवढं गणित कशाला? परदेशात करतात तशी नदीकाठाला उंच भिंत घाला, वर जॉगिंग ट्रॅक. प्रश्न मिटला.

पैलतीर
भिंतीच्या आत पडलेला पाऊस कुठून बाहेर जाणार? आणि गावातून नदीला मिळणारा शेरीनाला?

नकाशावाला
सांगलीत पाणी घाट चढून नंतर येतं. आधी येतं ते नाल्यांतून उलटं. तुम्ही समोर नदीकडे बघत बसता आणि ते मागच्या गल्लीच्या गटारातून वर येतं. भिंत घातली तर प्रत्येक नाल्याला झडपा हव्यात, झडपा बंद केल्यावर आतलं पाणी उपसायला पंप हवेत, पंपांना वीज हवी आणि पुरात वीज पहिली जाते. शिवाय ती सैलावलेली नदी आपण रेटली की समोर कुणाच्या अंगावर जाणार ते पैलतीर यांनी सांगितलंच आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या काठसुधार प्रकल्पावरून इतकी वर्षं भांडण चाललंय ते उगाच नाही.

तिसरी घंटा
थोडं अवांतर, थोडं नाही. सार्वजनिक इमारतींवर कुणीच बोललं नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून आपण नाट्यपंढरी. दर ५ नोव्हेंबरला भावे गौरव पदक देतो, भाषणं होतात, आणि बाहेर पडताना हमखास कुणीतरी म्हणतं की सांगलीला एक चांगलं नवं नाट्यगृह हवं. हवंच. पण कुठे? विजयनगरला बांधलं तर रात्री साडेबाराला प्रयोग सुटल्यावर जुन्या गावातला प्रेक्षक घरी जाणार कसा? गावात बांधलं तर पुराचं काय? खुर्च्या, पडदे, दिव्यांचे बोर्ड, सगळं ओलं.

माझं मत: गावातच बांधा, पण पहिल्या मजल्यावर.

शंभरफुटी
आणि नेपथ्याचा टेम्पो पहिल्या मजल्यावर कसा चढणार?

तिसरी घंटा
रॅम्पवरून. मालवाहू लिफ्टवर भरवसा नाही. मी पंधरा वर्षं बॅकस्टेजला काढली आहेत, त्यातली चार फक्त जिन्यातून कोच आणि कपाटं वळवण्यात गेली. रॅम्प द्या, बाकी आम्ही बघतो.

हळदीचं पेव
मग खाली मंडई ठेवा की! नकाशावाल्यांनीच सांगितलं, उघडी मंडई निळ्या रेषेच्या आत पण चालते. सकाळी भाजी, रात्री नाटक. पूर आला तर खालच्या बायका टोपल्या उचलून वर.

माहेरवाशीण
पेवकाका, पहिल्यांदा कुणीतरी मंडईतल्या बायकांचा विचार केला! त्यांना आजवर दोनच गोष्टी मिळाल्या, 'हटवा' आणि 'पुनर्वसन'.

नकाशावाला
कल्पना अगदी वेडी नाही. ओडिशात किनाऱ्यालगत चक्रीवादळाचे निवारे खांबांवर बांधलेत, एरवी त्यांत शाळा भरतात. आपल्याकडे पुरात माणसं हलवायची म्हटलं की शाळांचेच वर्ग रिकामे करतो. गावात खांबांवर उभं, जाड स्लॅबचं, वर स्वयंपाकाची सोय असलेलं एखादं सभागृह असेल तर वर्षभर लग्नं-नाटकं आणि पुराच्या आठवड्यात निवारा. फक्त एक पथ्य: नदीकाठ ते निळी रेषा या पट्ट्यात उघडी मंडई चालते, तिच्यावरचं सभागृह नाही. तेव्हा जागा निळ्या रेषेच्या बाहेर शोधा. आणि समोरून काच लावू नका हो. एप्रिलात सांगलीचं ऊन चाळिशी ओलांडतं. काचेच्या पेटीत एसीचं बिल कोण भरणार?

सातारी कंदी
पाहुणा आहे, तरी तोंड घालतो. आमचं सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, पाणी थांबतच नाही. तुमचा प्रश्न आम्हाला नाही. पण नवी वास्तू म्हणून पोवई नाक्याला जमिनीखालून ग्रेड सेपरेटर केला, आणि पहिले काही महिने लोक आत शिरल्यावर बाहेर कुठे निघणार या चिंतेत असायचे. चालणाऱ्या माणसाला काय मिळालं, अजून शोधतोय. दुसरीकडे आमचा साताऱ्याचा राजवाडा. कोर्ट तिथून उठलं तेव्हापासून 'काय करायचं' यावर सभा होतात आणि दर पावसाळ्यात एखादा कोपरा ढासळतो. म्हणून सांगतो, तुमच्याकडे कार्यालयं विजयनगरला गेली ना? ती जाण्याआधीच मागच्या इमारतीत कोण येणार हे ठरवायला हवं होतं. रिकामी इमारत पुरापेक्षा लवकर पडते.

शंभरफुटी
कंदीसाहेबांचं पटलं. गावभागकर, मी सुरुवातीला जरा फटकून लिहिलं. पण माझा मुद्दा कायम आहे: महापालिका, दवाखाना, अग्निशमन ही पुरात चालू राहायलाच हवीत, ती उंचावरच असली पाहिजेत. नाट्यगृह, ग्रंथालय, मंडई गावात ठेवा. सगळंच जुन्या गावात नको आणि सगळंच विजयनगरलाही नको.

जुना भाडेकरू
सगळं वाचलं. नकाशे, रेषा, रॅम्प. मी त्या वाड्यातला नव्हे, दुसऱ्या एका वाड्यातला. दोन खोल्या, छप्पन्न वर्षं. मालकांचं बिल्डरशी ठरलं. आम्हाला सांगितलं, दोन वर्षं बाहेर राहा, भाडं देऊ, मग तेवढीच जागा देऊ. भाडं आठ महिने आलं. खड्डा खणून तिसरं वर्ष आहे. त्या खड्ड्यात आता पाणी आणि डास. तुमच्या चर्चेत पूर दर काही वर्षांनी येतो. आमच्याकडं रोज आहे.

गावभागकर, तुमच्या आजोबांच्या वेळच्या भाडेकरूचं नाव करारात घाला. तोंडी नको.

गावभागकर
काका, घालतो. बिल्डरला परवा बसवलं होतं, त्याचाही वृत्तांत देतो.

चार गोष्टी लेखी मागितल्या. भराव नाही, खांबच. रस्त्याकडे दहा फूट ओटे आणि पडवी. मीटर, पंप सगळं पहिल्या मजल्यावर. भाडेकरूंची नावं करारात, आणि बाहेरच्या भाड्याची दोन वर्षांची रक्कम बँकेत वेगळी. तो हसला. म्हणाला, "ओट्याचं जमणार न्हाई, दोन दुकानं जातात." धाकटा काका माझ्यावर भडकला, की मी सौदा मोडायला बसलोय. आत्या फोनवर होती. ती म्हणाली, "ओटा राहू दे. मी आले की बसेन." सातातली तिची एक सही. बिल्डर आठ दिवसांनी कळवतो म्हणून गेला.

एकच अडलंय. लाल रेषेची उंची मीटरमध्ये आहे, समुद्रसपाटीपासून. आयर्विनचा आकडा फुटांत. आमची रेघ स्वयंपाकघरात. या तिन्हींची गाठ कशी घालायची? बिल्डर म्हणतो आमचा इंजिनिअर बघेल. त्याच्या इंजिनिअरने आठ मजल्यांच्या चित्रात नदीच काढली नव्हती.

नकाशावाला
सोपं आहे. आयर्विनच्या पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची पाटबंधारे खात्याकडून लेखी घ्या. मग तिथून तुमच्या जोत्यापर्यंत लेव्हल आणायची, एका सकाळचं काम. तुमची २०१९ ची रेघ लाल रेषेच्या वर निघाली तर दीड फूट त्या रेघेच्या वर धरायचा, कागदावरच्या नव्हे. नियम किमान सांगतो, जास्त करायला मनाई नाही.

रविवारी सकाळी सातला पुलावर या, ऊन चढायच्या आत. मशीन मी आणतो. पट्टी धरायला एक माणूस लागेल.

हळदीचं पेव
मी येतो की. पेठेतनं पण एक लेव्हल घेऊ, आमच्या माळ्याची.

माहेरवाशीण
आईला सांगितलंय, तुम्ही आमच्या बोळातूनच जाणार. पोहे करून ठेवते म्हणाली. ओटा आहे अजून.

गावभागकर
येतो. स्वयंपाकघरातल्या रेघेवर चुना मारायला आणला होता, तो डबा ठेवून दिलाय.